खारट का गोडं

पहाटे साडेतीनच्या सुमारास कपाळावर थेंब पडला. टप्प. कूस बदलली तर दुसरा थेट कानात.

आम्ही दोघं, मी आणि बायको, बोटीच्या पुढच्या केबिनमध्ये झोपतो, हॅचच्या बरोब्बर खाली. बोट शिडाची, फायबरग्लासची, १९८०च्या दशकात बांधलेली, ३१ फुटी, आमच्याकडे आली तेव्हाच तिने बरंच जग बघितलेलं होतं. हॅच म्हणजे डेकमधली, बोटीच्या वरच्या पृष्ठभागातली, झाकणवाली खिडकी, अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि तिच्यात धुरकट रंगाची अ‍ॅक्रिलिकची काच. काच म्हणायची सवय म्हणून काच, आहे ते प्लॅस्टिकच. दिवसा उजेड, रात्री चांदण्या आणि असला तर वारा, सगळं त्या अर्धा मीटर बाय अर्धा मीटरच्या भोकातून आत येतं, आणि त्या रात्री पाणीही आलं.

"अगं, हॅच गळतेय."

"घाम असेल रे फ्रेमचा. चाटून बघ."

"काय?"

"चाट. गोडं लागलं तर घाम. खारट लागलं तर उठव मला."

तिचं म्हणणं बरोबर होतं, हे मला नंतर कळलं. अ‍ॅल्युमिनियमची चौकट रात्री बाहेरच्या गारव्याने थंडगार पडते, आत दोन माणसं रात्रभर श्वास सोडत असतात, ती सगळी वाफ चौकटीवर धरते आणि थेंब होऊन खाली पडते. त्या पाण्याला चव नसते. बाहेर तर पाऊस पडत होता, म्हणजे गळती असली तरी पाणी गोडंच लागणार असं मला वाटलं, पण नाही, खारट होतं. कारण पावसाचं पाणी येताना डेकवर वाळलेलं मीठ आणि झाकणाखालच्या खाचेत साठलेलं मीठ विरघळवत येतं. चौकटीच्या घामाला ते जमत नाही.

तर खारट होतं. मी तिला उठवलं नाही. गुडघ्यावर बसलो, हॅचची दोन्ही हँडल्स धरली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून आवळली. थेंब थांबला. मी फार खूश होऊन झोपलो. चूक इथे सुरू झाली, आणि पुढचं दीड वर्ष मी तीच चूक वेगवेगळ्या हत्यारांनी करत राहिलो.

आवळलं की गळत नाही हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं ना, नळाचं वायसर, कुकरचं झाकण, बाटलीचं बूच, सगळीकडे तेच शिकलेलो असतो. पण हॅचचं गास्केट म्हणजे स्पंजासारखं हवा भरलेलं रबर, त्याचं काम दबणं नाही, दबून परत वर येणं आहे. त्याला महिनोन्‌महिने करकचून दाबून ठेवलं की ते वर यायचं विसरतं. मऊ उशीवर वर्षभर कपाट ठेवलं तर जे होईल तेच. महिन्याभरात थेंब परत आला, मी आणखी आवळलं, तो पुन्हा थांबला, पुन्हा आला, आणि एक दिवस हँडल आणखी फिरेचना.

मग मी सिलिकॉनची ट्यूब आणली आणि बाहेरून, काच आणि चौकट जिथे भेटतात त्या रेषेवर, जाड वेटोळं फासलं. दुखणं रेड्याला नि डाग पखालीला. गळत होतं तिकडे मी बघितलंच नव्हतं, दिसत होतं तिकडे फासलं. आणि फासताना लक्षात आलं की हा उद्योग करणारा मी पहिला नाही, माझ्या आधी कुणीतरी पांढरं फासलेलं, त्याच्याखाली पारदर्शक, त्याच्याखाली काळं. जुन्या झाडाच्या खोडात वर्षं मोजतात तसे हॅचवर मालक मोजता येत होते. सिलिकॉनचं एक वाईट असतं, ते खरवडून काढलं तरी त्याचा तेलकट पापुद्रा मागे राहतो आणि त्यावर नंतर काही धड चिकटत नाही, रंग नाही, दुसरं सीलंट (फट बुजवायचं चिकट द्रव्य) नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नाही. म्हणजे प्रत्येक मालकाने पुढच्याचं काम अवघड करून ठेवलेलं. मी पण.

आता कबुलीच द्यायला बसलोय तर हेही सांगून टाकतो. तो तेलकटपणा काढायला मी अ‍ॅसिटोन वापरलं. काचेवर. म्हणजे अ‍ॅक्रिलिकवर. पुसताना छान चकचकीत झालं, आणि थोड्याच दिवसांत उन्हाकडे बघितलं तर काचेत आतून केसासारख्या बारीक चिरांचं जाळं. अ‍ॅक्रिलिकला अ‍ॅसिटोन चालत नाही, अमोनियावालं काच पुसायचं लिक्विडही चालत नाही, आधीच उन्हाने आणि ताणाने थकलेल्या प्लॅस्टिकमध्ये ते शिरतं आणि आतला ताण चिरांच्या रूपाने बाहेर पडतो. सौम्य साबण, भरपूर पाणी, मऊ फडकं, बस. अगदीच चिकट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही थोडकं. हे मला आता पाठ आहे. काच मात्र गेली ती गेली.

बोट तळाच्या रंगकामासाठी पाण्याबाहेर काढून स्टँडवर उभी केली होती तेव्हाची गोष्ट. शेजारच्या बोटीवर एक काका काम करत होते, सत्तरीच्या पुढचे, दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. मी हॅचशी झटापट करत होतो, हँडलला पाईप अडकवून. ते शिडी चढून आले, काही न बोलता पाईप काढून घेतला आणि म्हणाले, "बाळा, दोरा आहे का?"

दोरा दिला. त्यांनी झाकण उघडून चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून चिकटवला, मग दुसरा, उरलेल्या दोन कोपऱ्यांत. फुली झाली. चौकट सपाट असेल तर दोन्ही दोरे मध्यावर एकमेकांना नुसते शिवतात. आमचे शिवत नव्हते. वरचा दोरा खालच्यापासून चांगला अलग राहिला होता, मधून पोस्टकार्ड आरामात गेलं असतं, दोन गेली असती.

"चौकट पिळलीय," ते म्हणाले. "डेकला बाक असतो. चौकट सपाट असते. कुणीतरी स्क्रू आवळून आवळून तिला डेकसारखी वाकवलीय. आता झाकण सपाट आणि चौकट वाकडी, मग तू हँडल मोडेपर्यंत फिरव."

"मग काका, करायचं काय?"

"काढायची. आणि परत बसवताना आवळायची नाही. बसू द्यायची." आणि ते शिडी उतरून गेले.

काढण्याआधी नेमकं कुठून गळतंय ते तरी बघू म्हणून पाण्याचा पाईप लावला. याला एक शिस्त आहे, खालून वर जायचं. आधी चौकट जिथे डेकला टेकते तिथेच पाणी सोडायचं, दहा मिनिटं, अगदी बारीक धार, आत कुणीतरी टॉर्च घेऊन बसायचं. मग झाकण नि चौकट यांच्या फटीवर. मग काचेच्या कडेवर. शेवटी हँडलच्या दांड्यावर. एकदम वरून बादली ओतली तर सगळीकडूनच ओलं होतं आणि काही कळत नाही. शिवाय पाणी जिथून आत शिरतं तिथे पडत नाही, छताच्या अस्तरावरून, वायरीवरून सरकत सरकत जिथे उतार संपेल तिथे पडतं. आमच्या कपाळावरचा थेंब हॅचच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातून पडायचा आणि शिरायचा पुढच्या उजव्या कोपऱ्यातून, चौकट नि डेक यांच्यामधून. म्हणजे मी ज्या काचेवर एवढं सिलिकॉन फासलं ती त्या थेंबाच्या बाबतीत निर्दोष होती. (पूर्ण निर्दोष नव्हती, तीही दुसरीकडे गळत होतीच. आणि गास्केट तर होतंच. आमच्या घरात कुणी एकटं आजारी पडत नाही.)

स्क्रू काढण्यात दोन दिवस गेले. स्टीलचे स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये, वर खारं पाणी, म्हणजे दोन धातूंची छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते म्हणून स्क्रू जागच्या जागी सिमेंट केल्यासारखा अडकतो. गरम करायचं, थंड होऊ द्यायचं, ठोकायचं, थोडं पिळायचं, परत गरम. सोळापैकी तीन तुटले. परत बसवताना प्रत्येक स्क्रूला दोन धातूंना वेगळं ठेवणारी पेस्ट लावली, आधीच्या कुणी ती लावली असती तर माझे ते दोन दिवस आणि शेजाऱ्यांचे कान वाचले असते.

चौकट उचलली आणि खाली बघून पोटात गोळा आला. अशा बोटींचं डेक म्हणजे फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड, हलकं, कापसासारखं. लाकडाचे तुकडे उभ्या रेषांचे लावलेले असतात, डेकवर वजन आलं तर ते नीट पेलतं आणि पाणीही आडवं सहज पसरत नाही. पण डेकला वळण देता यावं म्हणून त्या लाकडाला बारीक चिरा पाडलेल्या असतात आणि पाणी त्या चिरांमधून पाटातून जावं तसं जातं. हॅचसाठी कापलेल्या भोकाची कड कुणी बंदच केलेली नव्हती, लाकूड उघडं. बोट घातलं तर आत गेलं. (बोटीत बोट गेलं, या विनोदावर त्या दिवशी कुणी हसलं नाही.) बाहेर आलं ते काळं, ओलं, कुजलेल्या पाल्यासारखं, वासही तसाच.

स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने डेक ठोकत गेलो, टक टक टक, टक टक, थप. थप आलं तिथे खडूने खूण. सगळ्या खुणा जोडल्यावर कळलं की कुजलेला भाग हॅचभोवती हाताच्या पंज्याएवढाच आहे, पुढे लाकूड कोरडं होतं. नशीब, दुसरं काय. तेवढं सगळं खरवडून काढलं, तीन आठवडे वर ताडपत्री बांधून सुकू दिलं, मग पूड घालून घट्ट केलेलं इपॉक्सी, म्हणजे सुकल्यावर दगडासारखी कडक होणारी राळ, आत भरलं. म्हणजे आता भोकाच्या कडेला लाकूड नाहीच, आणि स्क्रू जातात ते इपॉक्सीत, उद्या तिथून पाणी गेलं तरी कुजायला काही नाही. वरती त्याच इपॉक्सीचा एक सपाट ओटा केला, चौकटीच्या मापाचा, डेकचा बाक त्या ओट्याने खाऊन टाकला. चौकटही दोन फळ्यांमध्ये धरून हळूहळू सरळ केली. दोरे शिवले.

आता काच. पॉलिकार्बोनेट घ्यावं की अ‍ॅक्रिलिक यावर बोटवाले लोक रात्र रात्र भांडू शकतात. पॉलिकार्बोनेट १९५३ साली दोन वेगळ्या कंपन्यांमधल्या शास्त्रज्ञांना जवळपास एकाच वेळी सापडलं, हातोड्याने फुटत नाही इतकं चिवट. पण त्याला ओरखडे लवकर पडतात आणि उन्हात ते पिवळट, धुरकट होतं. अ‍ॅक्रिलिक जास्त कडक, जोराच्या फटक्याने फुटू शकतं, पण उन्हात वर्षानुवर्षं टिकतं. मी अ‍ॅक्रिलिक घेतलं, साच्यात ओतून केलेलं, १० मिलिमीटर जाड. पुढच्या हॅचवर एक मीटर उंच पाणी उभं राहिलं असं समजा, लाट आली की राहतं क्षणभर, तर अर्ध्या मीटरच्या चौकोनावर जवळजवळ २५६ किलो वजन झालं. दोनअडीचशे किलो झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर. जाडीत कंजूषपणा करू नये.

पण खरी गंमत काच आणि चौकट यांच्यामधल्या फटीची आहे, आणि यासाठी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. अ‍ॅक्रिलिक तापल्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण तिप्पट वाढतं. पहाटेचा गारवा ते दुपारचं ऊन, धुरकट काच चाळीसएक अंशांनी सहज तापते. ५०० मिलिमीटरची काच तेवढ्यात १.४ मिलिमीटर वाढते आणि चौकट जेमतेम अर्धा. म्हणजे दोन्हींत ०.९चा फरक, प्रत्येक बाजूला ०.४५. आता काच चौकटीत अगदी फिट्ट बसवली, बाजूला अर्धाच मिलिमीटर जागा ठेवली, तर तिथलं सीलंट रोज दुपारी जवळजवळ पूर्ण चिरडलं जाणार आणि रोज पहाटे परत ताणलं जाणार. तीच जागा ३ मिलिमीटर ठेवली तर त्याला फक्त पंधरा टक्के हलावं लागतं. उंच इमारतींच्या काचा बसवायचं चांगलं सिलिकॉन रुंदीच्या निम्म्यापर्यंत हललं तरी सोडत नाही, म्हणजे पंधरा टक्के त्याला काहीच नाही. हे गणित बघून मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो. मी काच कापून घेताना सांगणार होतो, एकदम टाईट फिटिंग द्या.

सीलंटही पाहून घ्यावं लागतं. पॉलिसल्फाईड अ‍ॅक्रिलिकला खातं. पॉलियुरेथेन इतकं घट्ट धरतं की काच पुन्हा कधी निघायची नाही आणि उन्हात स्वतः भेगाळतं. सिलिकॉनमध्येही ज्याला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो ते नको, ते अ‍ॅसिड अ‍ॅल्युमिनियमला लागतं. बिनवासाचं, न्यूट्रल घ्यायचं. म्हणजे ज्या सिलिकॉनला मी मघाशी शिव्या घातल्या तेच शेवटी वापरलं, फक्त बाहेरून फासायला नाही, आत बसवायला.

ते काम एका सकाळी केलं, ऊन चढायच्या आत. चौकटीच्या खाचेत रबराचे छोटे तुकडे ठेवले, म्हणजे काच खाली टेकणार नाही, तिच्याखाली सीलंटची गादी राहील. काचेच्या आणि चौकटीच्या कडेला मास्किंग टेप. मग ट्यूबचं तोंड खाचेत धरून एकाच गतीने, मध्ये न थांबता, चारही बाजू. थांबलात की तिथे हवेचा बुडबुडा. काच वरून अलगद ठेवली, दोन्ही तळहातांनी अगदी हलकं दाबलं, काळं सीलंट चारही बाजूंनी एकसारखं वर यायला लागलं आणि काच तुकड्यांना टेकायच्या जरा आधीच मी हात काढले. मोह होतो, आणखी जरासं दाबूया. दाबलं तर सगळं बाहेर आणि आत नुसता पापुद्रा. मग हातमोजा घातलेलं बोट साबणाच्या पाण्यात बुडवून रेषेवरून एकदाच फिरवलं, आणि टेप लगेच काढली, सीलंट ओलं असतानाच, कलत्या कोनात, स्वतःकडे. मागे जी कड राहिली तिच्याकडे मी बराच वेळ बघत होतो. बायको म्हणाली, "फोटो काढ आणि खाली ये." आठवडाभर हॅचला हात लावला नाही.

गास्केटबद्दल थोडक्यात. नवीन पट्टी खाचेत बसवताना ताणायची नाही, ताणलेली पट्टी काही महिन्यांत आखडते आणि टोकं एकमेकांपासून लांब जातात. उलट थोडी जास्तच लांब कापून कोंबत बसवायची. जोड बिजागराच्या बाजूला, कारण लाट समोरून येते. वर सिलिकॉन ग्रीसचा हात, पेट्रोलियम जेली नको, त्याने ईपीडीएम, म्हणजे ही पट्टी ज्याची असते ते रबर, फुगतं. मग कागदाच्या पट्ट्या ठिकठिकाणी अडकवून झाकण लावायचं आणि एकेक ओढून बघायची, सगळीकडे सारखी अडकली पाहिजे. सारखी, घट्ट नाही.

हँडलचं नाव निघालं की मला ते मोठं जहाज आठवतं, एडमंड फिट्झगेराल्ड, लोहखनिज घेऊन जाणारं, १० नोव्हेंबर १९७५ रोजी अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या लेक सुपीरियर या तळ्यात वादळात बुडालं, सगळे २९ जण गेले. त्याच्यावर २१ हॅच होत्या आणि एकेका झाकणाला ६८ क्लॅम्प, सगळे हाताने लावायचे. अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या चौकशीने ठपका ठेवला तो हॅच नीट बंद न होण्यावर, पाणी तिथून हळूहळू आत गेलं असं म्हणून. जहाजवाल्यांच्या संघटनेला ते पटलं नाही, त्यांचं म्हणणं जहाज आधी उथळ जागी घासलं. भांडण मिटलेलं नाही. मला फक्त ते आकडे डोक्यातून जात नाहीत, २१ गुणिले ६८. आमच्या हॅचला दोन हँडल्स आहेत आणि ती मला दीड वर्ष नीट लावता आली नाहीत.

चौकट डेकवर बसवायला ब्युटिल टेप वापरली. ब्युटिल म्हणजे कधीच न सुकणारा चिकट रबरी मळ, बोटांनी मळून प्रत्येक स्क्रूभोवती छोटा शंकू करायचा. चौकट ठेवली आणि स्क्रू नुसते टेकेपर्यंत फिरवले. दुसऱ्या दिवशी पाव फेरा. चौकटीखालून ब्युटिल जिभेसारखं थोडं बाहेर आलं. तिसऱ्या दिवशी ऊन लागल्यावर पुन्हा पाव फेरा, पुन्हा थोडं. चौथ्या दिवशी काही बाहेर आलं नाही, मी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन तिथेच उभा, आणि खालून काका. काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली, नको अशी. मी स्क्रूड्रायव्हर पेटीत ठेवला.

मग पुन्हा पाण्याचा पाईप, खालून वर. बायको आत टॉर्च घेऊन. डेकची रेषा, कोरडी. गास्केट, कोरडं. काच, कोरडी. हँडलचा दांडा. "आलं!" आतून ओरडली. दांड्यावरची नखाएवढी ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, जिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं, कडक होऊन तिचे दोन तुकडे झालेले. एवढ्या सगळ्या खटाटोपात ते सगळ्यात सोपं निघालं, दहा मिनिटांत बदलली.

बोट पाण्यात गेली. पहिला जोराचा पाऊस रात्री आला, मी जागाच होतो, छताकडे डोळे लावून. काही नाही. दुसरा पाऊस, काही नाही. नंतर एका पहाटे, पाऊस नसताना, बाहेर चांगलाच गारवा असताना, कपाळावर टप्प.

मी बोटाने टिपला आणि जिभेवर ठेवला.

"काय रे?" झोपेतच.

"गोडं."

"मग झोप ना."

उठलो, टॉवेलने चौकट चारही बाजूंनी पुसली, आणि हवा खेळावी म्हणून हँडल दोन्हीकडचं अर्धा फेरा सैल केलं.